पाच किलो चारोळी

नंदाताईंनी सकाळी ताटलीत अकरा बदाम आणून ठेवले. भिजवलेले, सोललेले, एकाला एक न चिकटता ओळीत मांडलेले. ते पाहून चिंतामणराव मोघ्यांच्या लक्षात आलं की आपल्या दोघांच्या घरात कोणी तिसरं माणूस राहायला आलेलं आहे.

"हे काय?"

"खा. दिवाकरभाऊंनी सांगितलंय."

"अकराच का?"

"दहा कमी पडतात अन् बारा उष्ण पडतात, असं म्हणतात ते. तुम्ही काहून असं बघून राहिले? विष नाही ते."

विष असतं तर चिंतामणरावांनी एक वेळ मुकाट्याने खाल्लं असतं. पण दुसऱ्या पुरुषाने मोजून दिलेले बदाम स्वतःच्या बायकोच्या हातून खायचे, हा प्रसंग त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वाचनात कुठे आला नव्हता, त्यामुळे अशा वेळी काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी बदाम खाल्ले. चांगले लागले. त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

दिवाकर शेवडे हे समोरच्या घरात सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून राहायला आलेले गृहस्थ. वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, पत्नी वारलेली. उन्हाळ्यातसुद्धा पांढरे बूट घालून फिरायला जायचे. दात सगळे स्वतःचे होते आणि ते बोलताना सगळे दिसायचे. जबलपूरच्या स्नेहनगरातल्या आमच्या मराठी वस्तीत त्यांनी आल्या आल्या सुकामेव्याचा प्रचार सुरू केला. अक्रोड मेंदूला, पिस्ता हृदयाला, बदाम स्मरणाला, शेंगदाणे ज्यांना हे काही परवडत नाही त्यांना. रोज मूठभर खा आणि शंभरी गाठा. मूठ कोणाची, हा प्रश्न चिंतामणरावांच्या मनात आला होता, कारण दिवाकररावांची मूठ म्हणजे चिंतामणरावांच्या दोन मुठी. पण त्यांनी तो विचारला नाही. चिंतामणराव सहसा काही विचारत नसत. कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं त्यांनी इतरांना गप्प बसवलं, आणि त्या कामाचा सगळ्यात जास्त परिणाम त्यांच्या स्वतःवर झाला.

पुढच्या महिन्याभरात त्यांच्या घरचं जेवण बदललं. कोशिंबिरीत अक्रोड आले. भरल्या वांग्यात दाण्याच्या कुटाऐवजी काजू आले. ताकात पिस्त्यांचे काप तरंगू लागले, आणि ते पाहून चिंतामणरावांना ताकाची दया आली. प्रत्येक घासामागे "दिवाकरभाऊ म्हणतात" हे शब्द वाढले जात. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात "हे म्हणतात" असं नंदाताईंनी कोणापुढे किती वेळा म्हटलं असेल, याचा चिंतामणराव दुपारी पडल्या पडल्या हिशेब करत. नंतर त्यांना वाटे, आपण म्हणण्यासारखं काही म्हटलं तरी आहे का?

खरी ठिणगी पडली ती सायंतारा ज्येष्ठ मंडळाच्या सूचनाफलकावर. 'आरोग्य रविवार : सुकामेव्याचे फायदे व तो वाढण्याच्या पद्धती. वक्ते, श्री. दिवाकर शेवडे. पदार्थ, सौ. नंदा मोघे.' दोन्ही नावं एकाखाली एक, एकाच शाईत. लग्नपत्रिकेत छापतात तशी. चिंतामणराव फलकासमोर इतका वेळ उभे राहिले की शेजारच्या शरयूताईंनी मागून येऊन विचारलं, "भाऊजी, कोणी गेलं का?"

"नाही. आहेत सगळे."

"मग बरं. नंदाताईंची मजा आहे बाई. दोघं मिळून स्टेजवर. तुम्ही येणार ना बघायला?"

बघायला. हा शब्द चिंतामणरावांच्या छातीत जाऊन बसला आणि तिथेच राहिला. त्या बळावर त्यांनी आयुष्यात प्रथमच एक धाडस केलं. ते थेट मंडळाच्या कचेरीत गेले आणि सचिव यशोधन यांना म्हणाले, "मलाही बोलायचं आहे. सुकामेव्यावर."

यशोधन हे पन्नाशीचे, म्हणजे मंडळाच्या मानाने लहान मूल, पण नियमांच्या बाबतीत फार पोक्त. त्यांनी ड्रॉवरमधून छापील अर्ज काढला. "अच्छा. तीन प्रती. पदार्थ सांगा, मग पदार्थ बनवणाऱ्या व्यक्तीची सही. अन् शुक्रवारी नमुना लागेल, दंत ठरावाप्रमाणे."

दंत ठराव मंडळात सगळ्यांना पाठ होता. एका संक्रांतीला भाऊराव नावाच्या वयोवृद्ध सभासदांची कवळी तिळाच्या लाडवात रुतली आणि लाडवासकट बाहेर आली. तेव्हापासून सभागृहात जे वाढलं जाईल ते आधी भाऊरावांनी कवळी काढून खाऊन दाखवायचं, असा ठराव झाला. भाऊराव हे काम फार गंभीरपणे करत.

"बनवणारी व्यक्ती म्हणजे, आमची ही," चिंतामणराव म्हणाले.

"वहिनींची सही शेवडेजींच्या अर्जावर झाली आहे ना सर. एका व्यक्तीची सही एकाच अर्जावर चालते. नियम आहे."

"पण ती माझी..." इथे चिंतामणराव अडखळले. 'माझी' या शब्दापुढे काय जोडावं हे त्यांना सुचेना, आणि सचिवांच्या टेबलाशी उभं राहून आपल्या बायकोवर हक्क सांगणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी पेन उघडलं आणि बनवणाऱ्या व्यक्तीच्या जागी स्वतःची सही केली. तीन वेळा. तोवर त्यांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता.

पदार्थ कोणता, हा प्रश्न पुस्तकांनी सोडवला. बदाम, अक्रोड, पिस्ता ही शत्रूची फौज. काजू फितूर झालेला. मग त्यांना चारोळी आठवली. चारोळी आपल्या जंगलात होते. ती बाहेरून आणावी लागत नाही, फुशारकी मारत नाही, आणि मराठी स्वयंपाकघरात तिला कोणी नीट बसायला जागा दिलेली नाही. श्रीखंडावर चार दाणे, बासुंदीवर चार दाणे, पाहुणे उठले की वाटीच्या तळाशी उरलेले चार दाणे. चिंतामणरावांना तिच्याविषयी एकाएकी फार आपुलकी वाटली. त्यांनी दोन दिवसांत चारोळीवर अकरा पानं टिपणं काढली. तिच्यातलं तेल, तिच्यातली प्रथिनं, आणि सोललेला दाणा फार दिवस ठेवला तर खवट होतो, ही महत्त्वाची बाब. शेवटी लाल शाईने लिहिलं : 'चारोळीची बर्फी. ताजा दाणा हवा.'

ताज्या दाण्यासाठी जंगलालगतच्या कुंडम गावच्या बाजाराला जायचं ठरलं. सोबतीला अंबादासजी. हे वनविभागातून निवृत्त झालेले, चिंतामणरावांचे एकुलते एक मित्र. दोघं दर गुरुवारी एकमेकांकडे बसून आपापलं पुस्तक वाचत, आणि या संबंधात बोलण्यावाचून काही अडलेलं नव्हतं. मे महिन्यातल्या सकाळी बस कुंडमला पोचली तेव्हा बाजारात एक बाई दोन ढीग लावून बसली होती. एक लहान, पिवळसर सोललेल्या दाण्यांचा. दुसरा मोठा, काळपट गोल गुठल्यांचा, म्हणजे टणक कवचातल्या बियांचा.

"ये वाली," चिंतामणराव मोठ्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले.

बाईने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं. "बाबूजी, ये गुठली है. फोड़ना पड़ेगा."

"हाँ. ताजी चाहिए. पाच किलो."

अंबादासजी हळूच म्हणाले, "सर, फोडणार कोण?"

"फोडू."

"कशानं?"

चिंतामणरावांना वाटलं, बाईला विचारावं. ती रोज फोडत असणार. पण एवढ्या लोकांत, एवढं वाचून आल्यावर, एका बाईला कवच कसं फोडतात हे विचारायचं? ती हसली तर? त्यांनी विचारलं नाही. बाई पिशवी भरताना काहीतरी सांगत होती, पण तोवर परतीची बस लागली आणि दोघे म्हातारे घाईने निघाले.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी अभ्यासिकेत, कोशांच्या कपाटामागे लपवली. नंदाताईंना रविवारी आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. हा धक्का नक्की कसला, हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पण त्यात दिवाकरराव पडद्याआड कुठेतरी रडत असावेत एवढं चित्र स्पष्ट होतं.

पहिल्या दिवशी अडकित्ता. गुठली सटकली, खिडकीतून बाहेर गेली आणि शरयूताईंच्या वाळत घातलेल्या पापडांत पडली. दुसरी त्यांच्या चष्म्यावर बसली. दुसऱ्या दिवशी हातोडी. हातोडीने कवच फुटलं, पण आतला दाणाही फुटला, आणि दोघांचं मिळून जे पीठ झालं ते चाळणीने चाळलं, फडक्याने गाळलं, चिमटीने निवडलं, तरी त्यात चारोळी कुठली आणि कवच कुठलं हे ठरेना. तिसऱ्या दिवशी दाराची फट. बिजागरीत गुठली ठेवून दार लावलं की कवच नीट दोन भागांत फुटे, हे खरं. पण अशा तीस गुठल्यांनंतर अभ्यासिकेचं दार लागायचं बंद झालं, आणि लपवाछपवी करणाऱ्या माणसाला दार न लागणं परवडत नाही.

शरयूताई पापडांत सापडलेलं ते काळं बी घेऊन आल्या. "भाऊजी, हे तुमच्या खिडकीतून आलं. काय आहे?"

"नमुना आहे," चिंतामणराव म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"फोडायचं असेल तर मिक्सरला लावा. आमच्याकडे सगळं मिक्सरला लावतात."

नंदाताई दिवाकररावांकडे पदार्थांची चर्चा करायला गेल्या होत्या. चर्चेला रोज दीड तास लागे. बदाम कसे वाढायचे यावर दीड तास काय बोलतात, हे चिंतामणरावांना समजत नसे. वाटीत घालायचे आणि वाढायचे. त्या रागाच्या भरात त्यांनी गुठल्या मिक्सरला लावल्या. मिक्सरने एकदा विव्हळून पाहिलं, मग आतून खडीची गाडी रिकामी करावी तसा आवाज आला, झाकण उडालं, आणि पातं कायमचं थांबलं.

"मिक्सर कशानं बिघडला?" संध्याकाळी नंदाताईंनी विचारलं.

"जुना होता."

"दिवाळीत घेतला." त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "बरं, दिवाकरभाऊ त्यांचा देणार आहेत. म्हणाले, वहिनी, तो तुमचाच समजा."

त्या रात्री चिंतामणरावांना जेवण गेलं नाही. तुमचाच समजा. आज मिक्सर, उद्या काय काय तुमचंच समजायचं, याचा विचार करत असताना त्यांना एक कल्पना सुचली. नमुन्याला तीन दिवस उरले होते. दिवाकरराव रोज पहाटे साडेपाचला गाडी काढून नर्मदेवर फिरायला जातात. गाडी जड आहे. चाक गोल आहे. सावकाश मागे घेतात. शत्रूच्या चाकाखाली शत्रूचा पराभव दळून घ्यावा, यात त्यांना एक प्रकारचा न्यायही दिसला.

पहाटे सव्वापाचला ते गमछा डोक्याला गुंडाळून समोरच्या फाटकात शिरले. अडीच किलो गुठली त्यांनी उशीच्या जुन्या अभ्र्यात भरली होती आणि तोंड सुतळीने बांधलं होतं. खाण्याची वस्तू आहे म्हणून त्यांनी आधी मागचं चाक रुमालाने पुसलं, मग पिशवी चाकाखाली सारली, आणि घरी येऊन पडद्यामागे उभे राहिले.

गाडी मागे आली. अभ्रा एका कोपऱ्यात उसवला. शेकडो गुठल्या गोट्यांसारख्या चहूकडे उडाल्या. त्यांतल्या काही गाडीच्या पोटावर आपटल्या आणि असा आवाज झाला की तीन घरांचे दिवे लागले. फुटली मात्र एकही नाही. दिवाकरराव खाली उतरले. चाकाखाली पांढरं फडकं, सुतळीची गाठ, आणि सगळीकडे काळे दाणे. एवढा धडधाकट माणूस, पण तिथेच पायरीवर बसला.

शरयूताई पोचल्या आणि त्यांनी निदान केलं. "कोणीतरी काही करून ठेवलंय."

"काय करून?" दिवाकररावांचा आवाज बारीक झाला होता.

"सांगू नये. पण गाठ बघा ना. साधा माणूस अशी गाठ मारत नाही."

ती गाठ पुस्तकांचे गठ्ठे बांधायची होती, आणि तिचा चिंतामणरावांना एरवी अभिमान होता. ते गर्दीच्या मागच्या बाजूला उभे होते. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं. पण काय सांगणार? मी तुमच्या गाडीने चारोळी फोडत होतो? जादूटोण्याचा आरोप त्या मानाने बरा होता. आणि एवढ्यात नंदाताई म्हणाल्या, "दिवाकरभाऊंना घाम फुटला. थांबा, पन्हं आणते." त्यांनी पन्हं आणलं. वरच्या फळीवरच्या, पाहुण्यांच्या काचेच्या पेल्यातून. मग चिंतामणरावांनी खरं सांगायचा विचार सोडून दिला.

शरयूताईंच्या मते हे सगळं सूर्य वर यायच्या आत नर्मदेत सोडायला हवं होतं. चिमट्याने एकेक दाणा उचलून अभ्र्यात भरला गेला. दिवाकरराव त्या पिशवीला हात लावायला तयार नव्हते, त्यामुळे ती कोणी धरायची असा प्रश्न आला, आणि सगळ्यांच्या नजरा चिंतामणरावांकडे वळल्या. ते वाचलेले आहेत, शिवाय त्यांचं कोणाशी वैर नाही.

अशा रीतीने चिंतामणराव स्वतःची अडीच किलो चारोळी मांडीवर घेऊन, दिवाकररावांच्या गाडीत, दिवाकररावांच्या शेजारी बसून ग्वारीघाटावर गेले. मागे नंदाताई आणि शरयूताई. घाटावर शरयूताई म्हणाल्या, "भाऊजी, काहीतरी म्हणा. नुसतं नका सोडू." चिंतामणरावांना त्या घटकेला रामरक्षा आठवली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली आणि कुंडमहून आणलेला तो ताजा माल एकेक मूठ करून नर्मदेत सोडला. दिवाकरराव हात जोडून उभे होते. त्यांनी चिंतामणरावांचा खांदा धरला आणि म्हणाले, "मोघेजी, हे उपकार मी विसरणार नाही."

अभ्रा रिकामा झाला. तो पाण्यात सोडायला चिंतामणराव वाकले तेव्हा नंदाताई पुढे आल्या आणि त्यांनी त्याची कड हातात घेऊन पाहिली. कडेला निळ्या दोऱ्याची टीप होती. पांढरा दोरा संपला म्हणून निळा घातला, हे ती टीप घालणाऱ्या बाईला माहीत असणारच. अभ्रा त्यांनी दुमडला आणि पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला अभ्यासिकेत नेऊन दार लावून घेतलं. म्हणजे लावायचा प्रयत्न केला. ते लागेना, तेव्हा त्यांनी बिजागरीत पाहिलं, मग कपाटामागे पाहिलं, आणि उरलेल्या गुठल्यांची पिशवी बाहेर काढून मध्ये ठेवली.

"काय करून राहिले तुम्ही?"

चिंतामणरावांनी सगळं सांगितलं. फलक, अर्ज, तीन सह्या, कुंडम. बोलताना ते पिशवीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "तू त्यांच्या अर्जावर सही केली होतीस."

"त्यांनी विचारलं म्हणून केली. तुम्ही काहून नाही विचारलं?"

"मला वाटलं, तू नाही म्हणशील."

"त्रेचाळीस वर्षांत मी कशाला नाही म्हटलं?"

चिंतामणरावांनी आठवून पाहिलं. "मी कशाला विचारलंच नाही," ते म्हणाले.

मग नंदाताईंनी एक गुठली उचलून दाताखाली धरून पाहिली आणि काढून टाकली. "हे जात्यावर दळतात. वरची पाळ जराशी उचलून. कुंडमच्या बाईने सांगितलं नाही?"

"सांगत होती. बस आली."

जातं स्नेहनगरात एकच होतं, मंडळाच्या कोठीत. लग्नाच्या आधी हळद दळायला ते घराघरांत जाई, आणि वर्षानुवर्षांच्या हळदीने त्याचा दगड पिवळा झाला होता. चिंतामणराव यशोधनांकडे गेले. यशोधनांनी दुसऱ्या ड्रॉवरमधून दुसरा अर्ज काढला.

"जातं फक्त मंगलकार्यासाठी मिळतं सर. वराचं नाव, वधूचं नाव. दोघांच्या सह्या."

"मला चारोळी फोडायची आहे."

"त्याच्यासाठी रकाना नाही."

"रिकामं ठेवलं तर?"

"परत येईल."

चिंतामणराव अर्ज घेऊन घरी आले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. वराच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ते फार विचित्र दिसलं, म्हणून चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग कागद नंदाताईंपुढे सरकवला. पहिल्या वेळी, त्रेचाळीस वर्षांपूर्वी, हे सगळं वडील माणसांनी परस्पर ठरवलं होतं. आता विचारायची पाळी त्यांच्यावर होती.

"करशील का?" त्यांनी विचारलं. "सही."

नंदाताईंनी अर्ज वाचला. वधूच्या रकान्यावर बोट ठेवलं. पदराने तोंड झाकून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "लोक काय म्हणतील?"

"यशोधन वाचत नाहीत. ते फक्त रकाने भरले का ते बघतात."

त्यांनी सही केली. खाली तारीखही घातली.

जातं आलं. नंदाताईंनी मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळून वरची पाळ उचलून घेतली आणि दोघं समोरासमोर बसली. पहिल्या चार फेऱ्यांत चिंतामणराव उलटीकडे ओढत होते. "इकडून," नंदाताई म्हणाल्या. पुढे त्यांना लय सापडली. कवचं कडकड फुटत होती आणि दाणे अख्खे बाहेर पडत होते. सुपात पाखडून तीन वाट्या चारोळी निघाली. बर्फीच्या वेळी मात्र नंदाताई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या, कारण सही चिंतामणरावांची होती. "हलवा. तळाशी लागून राहिलंय. अहो, तिकडे नाही, तळाशी." खवा, साखर आणि चारोळी एकजीव झाली. बर्फी पिवळी झाली होती. जात्यातली हळद.

शुक्रवारी भाऊरावांनी कवळी काढून खिशात ठेवली, बर्फीचा तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि सात मिनिटांनी मान हलवली. यशोधनांनी शिक्का मारला.

रविवारी सभागृह भरलं होतं. दिवाकररावांनी पडद्यावर अक्रोडाचं आणि मेंदूचं चित्र शेजारी शेजारी दाखवलं, लोक अचंब्याने बघत राहिले. नंदाताई त्यांच्या टेबलाशी उभ्या राहून मसाल्याचे बदाम वाढत होत्या. नियमाप्रमाणे त्यांची जागा तिथेच होती. मग चिंतामणराव उभे राहिले. अकरा पानांतलं पहिलं पान त्यांनी एवढ्या हळू वाचलं की ते बहुधा फक्त पहिल्या पानालाच ऐकू गेलं. मागून कोणीतरी खोकलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलाकडून नंदाताईंचा आवाज आला, "अहो, इकडे ऐकू येऊन नाही राहिलं."

चिंतामणरावांनी पानं खाली ठेवली. पलीकडच्या टेबलाशी ऐकू जाईल इतक्या आवाजात ते बोलू लागले. चारोळी जंगलात कशी होते, कोण बायका ती वेचतात, वाळवतात, आणि आपण तिला कसं दुसऱ्याच्या पदार्थावर चार दाण्यांपुरतं ठेवतो. चार मिनिटं बोलले. मग बर्फी वाढली. थाळी पहिल्या तीन रांगांतच संपली.

दिवाकररावांनी तीन तुकडे खाल्ले आणि थाळीच्या तळाशी उरलेला चुरा बोटाने टिपला. "वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चिंतामणरावांच्या चांगल्या ओळखीची एक खरखर होती, "ही तुम्ही केली? मला नाही सांगितलं."

"यांनी केली," नंदाताई म्हणाल्या. त्या एका शब्दासाठी चिंतामणराव आणखी पाच किलो गुठली फोडायला तयार झाले असते.

"रंग? केशर कुठलं?"

"हळद आहे," चिंतामणराव म्हणाले. जात्याचं सांगणार होते, पण दिवाकररावांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"हळद अन् मेवा. क्या बात है. मोघेजी, एवढा अभ्यास करून तुम्ही गप्प बसता? मी उद्यापासून तुमच्याकडे येतो."

आणि ते आले. सोमवारी सकाळी साडेसहाला, पांढरे बूट दारात काढून. मंगळवारीही आले. पुढच्या आठवड्यात अंबादासजीही येऊ लागले. आता चिंतामणरावांच्या अभ्यासिकेत रोज दोन तास चारोळी, मोहाची फुलं आणि कुंडमच्या पुढच्या फेरीवर बोलणं चालतं. चिंतामणराव बोलतात. मोठ्याने हसतातसुद्धा, आणि तो आवाज कोणाचा म्हणून नंदाताई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून बघायला आल्या होत्या. परवा तिघांनी कुंडमला जायचं ठरवलं. नंदाताईंना विचारायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

काल सकाळी नंदाताईंनी चहाचे कप आणले. दिवाकरराव नकाशा उघडून बसले होते आणि चिंतामणराव त्यांच्या खांद्यावरून वाकून वाट दाखवत होते. त्यांना कपांची चाहूल लागली नाही. कप टेबलावर आदळले आणि चहा नकाशावर सांडला.

"तुम्हाला माझ्याशी बोलायला वेळ आहे का," नंदाताई म्हणाल्या, "की तेही दिवाकरभाऊंनाच विचारू?"

दिवाकरराव नकाशा पुसायला फडकं शोधू लागले. चिंतामणराव मात्र जागच्या जागी उभे राहिले. तो सूर त्यांनी दोन महिने दिवसरात्र स्वतःच्या छातीत ऐकला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तो असा बाहेरून, समोरून, नंदाच्या तोंडून ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी तसा चेहरा करायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमला नाही.